मदरबोर्ड नवा, विंडोज जुनेच

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दुकानांतले संगणक कशाने बंद पडतात, हे देवगड-मालवण पट्ट्यात दुरुस्तीचे काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कॅबिनेटचा पंखा खारा वारा आत ओढतो, त्यातले मीठ धुळीबरोबर बोर्डावर बसते, पावसाळाभर ते ओल धरून राहते आणि तांब्याच्या बारीक वाटा आतल्या आत खाल्ल्या जातात. जामसंड्याच्या एका आंबा व्यापाऱ्याचा संगणक काही वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये असाच बंद पडला. मी बोर्ड काढून उजेडात धरला, तेव्हा मेमरीच्या खाचांच्या बाजूला आणि नेटवर्कच्या सॉकेटमागे तांबे कळकून हिरवे झाले होते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिल्यावर जो थर येतो, हुबेहूब तोच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश घेऊन बोर्ड स्वच्छ केला, पॉवर सप्लाय आणि रॅम बदलून पाहिली, पण पडद्यावर काहीच येईना.

नवा संगणक घ्या, असे सांगणे सोपे होते आणि बहुतेक ठिकाणी मी तेच सांगतो. येथे ते चालणार नव्हते. बागायतदारांच्या पेट्यांची आवक, हमाली, वाशीपर्यंतचे गाडीभाडे आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात पडणारी हिशोबाची पट्टी हे सारे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत, विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीसाठी लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालत होते. तो लिहिणाऱ्या गृहस्थांनी व्यवसाय केव्हाच सोडला होता आणि मूळ सीडी कोणाकडेच नव्हती. असा १६ बिटी प्रोग्राम विंडोजच्या ३२ बिटी आवृत्तीतच थेट चालतो. ६४ बिटी आवृत्तीत त्याला जागाच नाही आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटीच आहे. शिवाय प्रोग्रामची फोल्डर नुसती उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवली, तरी कॉन्फिग फाइलमधल्या नोंदी, प्रिंटरची जोडणी आणि वर्षानुवर्षे केलेले लहानसहान फेरफार मागेच राहिले असते. म्हणून डिस्कवरचे ३२ बिटी विंडोज ७ जसेच्या तसे ठेवून त्याच्याखालचा मदरबोर्ड तेवढा बदलायचा, असे मी ठरवले.

व्यापारी शेजारीच उभे होते. त्यांनी एकच विचारले, “हिशोब जावचो नाय मा?”

“काका, आधी डिस्कची कॉपी काढतंय, मगेच बोर्डाक हात लावतंय,” मी म्हटले, आणि पुढचा बराच वेळ त्यातच गेला. क्लोनझिला या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेतली. घाईच्या दिवसांत ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण पुढे जे करायचे होते ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या साऱ्या सेटिंगच्या नोंदवहीत, हात घालून, आणि मागे परतण्याची वाट असल्याशिवाय मी ते कधीच करत नाही.

बोर्ड निवडतानाही विचार करावा लागला. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या बोर्डांवर यूएसबीचा कारभार ज्या नियंत्रकाकडे गेला, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग वापरता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम, विंडोज ७ मध्ये नाही. तेथे हे विंडोज सुरू झाले तरी यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस निर्जीव राहतात. म्हणून मी एच-६१ चिपसेटचा, पीएस/२ सॉकेट (कीबोर्ड-माउसचे जुने गोल सॉकेट) असलेला बोर्ड आणि दुसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर घेतला. रॅमही बदलावी लागली, कारण जुना जी-३१ बोर्ड डीडीआर-२ चा होता आणि नवा डीडीआर-३ चा.

खरी अडचण डिस्कपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत होती, आणि अशा बदलात नव्वद टक्के प्रकरणे येथेच अडतात असे माझे मत आहे. विंडोज जागे होते तेव्हा त्याला पहिल्यांदा डिस्क वाचावी लागते, आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर अगदी आरंभीच भरला जावा लागतो. विंडोज ७ मात्र जे नियंत्रक त्या यंत्रात नाहीत, त्यांचे ड्रायव्हर आरंभी भरण्याच्या यादीतून काढून ठेवते. जुन्या बोर्डाच्या आयसीएच-७ चिपला एएचसीआय ही डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत ठाऊकच नव्हती, ती आयडीई या जुन्या पद्धतीनेच चाले. नवा बोर्ड एएचसीआयवर लावलेला आला. अपेक्षेप्रमाणे विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसले, निळा पडदा चमकला आणि संगणक पुन्हा सुरू झाला. एफ-८ दाबून आपोआप पुन्हा सुरू होणे बंद केले, तेव्हा आकडा स्थिर वाचता आला: ०x००००००७बी, म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तीच सापडत नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, आयडीई निवडूनही तोच आकडा आला, कारण नव्या बोर्डाच्या आयडीई नियंत्रकासाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हरही निद्रिस्तच होता.

बायोस पुन्हा एएचसीआयवर नेले, विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून संगणक सुरू केला, दुरुस्तीच्या पर्यायातून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि तेथून रजएडिट हा रजिस्ट्री बदलण्याचा प्रोग्राम. अशा वेळी समोर दिसते ती डीव्हीडीची स्वतःची रजिस्ट्री असते, डिस्कवरची नव्हे. डिस्कवरची सिस्टम नावाची फाइल तात्पुरत्या नावाने चढवून घ्यावी लागते, आणि तेथे डिस्कचे अक्षर सी असेलच असेही नाही. आमच्याकडे ते डी झाले होते. नेहमी दिसणारा ‘करंटकंट्रोलसेट’ अशा चढवलेल्या फाइलमध्ये नसतो, म्हणून ‘सिलेक्ट’मध्ये पाहून चालू संच ००१ असल्याची खात्री केली. त्यातल्या सर्व्हिसेसमध्ये एमएसएएचसीआय या एएचसीआयच्या ड्रायव्हरच्या ‘स्टार्ट’ची किंमत ३ होती, ती ० केली, म्हणजे तो आरंभीच भरला जाईल असे केले; आयडीईच्या पीसीआयआयडीई ड्रायव्हरचीही तशीच केली. मग फाइल उतरवून संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी चिन्हाभोवतीचे रंग पूर्ण जुळून आले आणि व्यापाऱ्यांच्या डेस्कटॉपवरचा गणपती जसाच्या तसा समोर आला.

तरीही पट्टी निघेपर्यंत काम झाले असे म्हणता येत नव्हते. हा प्रोग्राम छपाई एलपीटी-१ वरच, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवरच पाठवतो, आणि नव्या बोर्डाला तो पोर्टच नव्हता. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीच्या केबलने जोडून, शेअर करून, ‘नेट यूज’ आज्ञेने एलपीटी-१ त्याच्याकडे वळवायचा होता. त्यासाठी नेटवर्क जिवंत हवे, म्हणून आधी त्याचा ड्रायव्हर बसवला. जुना आयपी पत्ता देऊ लागलो, तर तो दुसऱ्या कार्डाकडे असल्याची सूचना आली. ते कार्ड जुन्या बोर्डाबरोबर गेले होते, नोंद मात्र उरली होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नसलेली उपकरणे दिसण्याची सोय करून फिकट दिसणारी ती नोंद पुसली, तेव्हा पत्ता बसला. विंडोज बोर्ड बदलल्याचे ओळखून पुन्हा सक्रिय करायला सांगत होते; परवाना खोक्यातून विकत घेतलेला असल्याने ते फोनवरून झाले. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या बोर्डाशीच बांधलेला असतो, तेथे ही मुभा मिळेलच असे नाही.

गाडी भरण्याआधी पहिली पट्टी निघाली. काकांनी कागद उजेडाकडे धरून बागायतदाराचे नाव, पेट्या आणि शेवटची रक्कम बोटाने वाचली, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिली आणि मुलाला पुढच्या पट्ट्या काढायला बसवले.

हंगाम सरल्यावर, जूनच्या तोंडावर, मी त्या डिस्कची डिस्क२व्हीएचडी या प्रोग्रामने आभासी प्रत करून ठेवली आणि ती माझ्या लॅपटॉपवर आभासी यंत्र म्हणून, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक म्हणून, चालवून पाहिली. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी काढून घेतल्यापासून हे यंत्र इंटरनेटला जोडायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. हा बोर्डही खारा वारा एक दिवस खाईलच. त्या वेळी तीच प्रत कोणत्याही नव्या संगणकावर आभासी यंत्रात उघडता येईल आणि चिपसेट शोधत बसावे लागणार नाही.