बेल्ट बदलला, तरी आवाज रडतच होता

मे महिन्यात जळगावात एखादा जुना कॅसेट डेक दुरुस्तीला आला, की तो उघडायच्या आधीच मला कळतं आत काय झालंय. बेल्टचं डांबर. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेला रबरी बेल्ट आमच्या ४४-४५ अंशांत वितळतो आणि फ्लायव्हीलला, म्हणजे आतल्या जड चाकाला, असा चिकटतो, की बोट लागलं तर दोन दिवस काळं राहतं. आधी बाद झालेल्या एटीएम कार्डाने तो खरवडायचा. मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने एकेक पुली पुसायची, बड पांढरा बाहेर येईपर्यंत. अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, दहा रुपयांच्या रबराचे पाचशे घेतले.

दुकानाला एकतीस वर्षं झाली. लग्नसराईत डीजेवाल्यांचे जळालेले स्पीकर येतात. त्यांना कितीही सांगा की लाल दिवा लागला म्हणजे आवाज कमी करायचा असतो, त्यांना तो दिवा सजावटीचा वाटतो. उरलेल्या वेळात कॅसेटवरचं पेनड्राइव्हवर करून देतो. भजनी मंडळं, कीर्तनं, वारलेल्या वडिलांचा आवाज. ह्या कामाला शॉर्टकट नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. सुमारे १३० मीटर पट्टी आवाज वाचणाऱ्या हेडसमोरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने सरकते, आणि पुढे काही तिला पळवता येत नाही. मी ऐकत नाही खरं तर. मीटर बघतो आणि हाताने दुसरं काम करतो.

पाटील आले ते एक डेक आणि केळी वेफर्सच्या खोक्यात चौतीस कॅसेटी घेऊन. यावलकडे त्यांची केळीची बाग. पन्नाशीचा माणूस, पायात धुळीने भरलेल्या चपला. कॅसेटींच्या कार्डांवर बारीक इंग्रजी अक्षर.

मी विचारलं, "मुलाच्या का?"

"माझ्याच," ते म्हणाले.

ह्या एका प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

मुंबईला इंजिनिअरिंगला होते. वडील आजारी पडले म्हणून शेवटच्या वर्षानंतर बागेत आले आणि बागेतच राहिले. हॉस्टेलचा रूममेट मात्र पुढे कित्येक वर्षं कॅसेटी भरून पोस्टाने पाठवत राहिला, लोक सीडीकडे वळले तरी. कारण पाटलांच्या पिकअपमध्ये कॅसेट प्लेअरच होता. शेतीची लाईट रात्री यायची. मोटार चालू करून बांधावर गाडी लावायची आणि पाणी भरेस्तोवर ऐकत बसायचं.

डेक सोपा होता. डांबर काढलं, बेल्ट टाकला, पट्टी ओढणारा पिंच रोलर घासला. मग ॲझिमथ, म्हणजे हेडचा कोन. ह्याबद्दल थोडं सांगतोच, कारण मोबाईलवर बघून हे काम शिकलेली पोरं ते करत नाहीत. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली असते आणि प्रत्येक डेकचं हेड केसभर वेगळ्या कोनात बसलेलं असतं. तो कोन जुळला नाही तर आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. म्हणून मी दर कॅसेटला हेडशेजारचा स्क्रू हलवतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून, डोळे मिटून, पाव फेराहूनही कमी. एका जागी झांज एकदम उघडते, खिडकीची काच पुसल्यासारखी. तिथे थांबायचं.

पहिल्या चार कॅसेटी झाल्या. पाचवीवर लिहिलं होतं, माय ब्लडी व्हॅलेंटाइन, 'लव्हलेस', १९९१.

चार ठोके वाजले आणि पुढचा आवाज ऐकून मी हातातलं सोल्डरिंग खाली ठेवलं. आवाज रडत होता. गिटारींचा एक मोठा ढग, आणि तो अख्खा वर-खाली हलत होता, सेल उतरलेल्या टेपसारखा. पारोळ्याकडचा एक पोरगा माझ्याकडे शिकतो. तो मान न उचलता म्हणाला, "काका, हाई कॅसेटच खराब शे."

मला आधी माझ्याच कामाची शंका आली. नवा बेल्ट चायनाचा, म्हणून दुसरा टाकला. तसंच. मोटारीच्या मागच्या भोकातून स्पीड तपासला. लाईटचा दाब कमी-जास्त होतो म्हणून डेक स्टॅबिलायझरवर घेतला. तसंच. मग कपाटातून ३१५० हर्ट्झची टेस्ट कॅसेट काढली. ती फक्त एक शिट्टी वाजवते, आणि ती शिट्टी किती हलते त्यावरून डेकची चाल कळते. आकडा ३१४८ ते ३१५२ मध्येच. एवढं तर नव्या डेकलाही माफ असतं. म्हणजे डेक निर्दोष. कॅसेट उघडून पट्टी दुसऱ्या खोक्यात चढवली, पट्टी हेडवर दाबणारं प्रेशर पॅडही बदललं. बाहेर तापलेली दुपार, आत पंखा बंद, कारण पंख्याच्या वाऱ्याने पट्टी उडते. तीन तास गेले.

पाचच्या सुमाराला चहा घेताना कॅसेट नुसतीच चालू होती, आणि तेव्हा माझं लक्ष ठोक्यांकडे गेलं. ठोके हलत नव्हते.

बेल्ट सैल असेल तर सगळंच रडतं. गाणारा, गिटार, ढोल, सगळे एकाच दोरीला बांधलेले असतात. पट्टी हळू झाली की सगळे एकत्र खाली येतात. इथे ढोल घड्याळासारखा आणि त्याच्यावरची गिटार दारू प्यायलेली. असा दोष कुठल्याही डेकमध्ये होऊच शकत नाही. एकतीस वर्षांत ही साधी गोष्ट लक्षात यायला मला तीन तास आणि दोन बेल्ट लागले.

पाटलांना फोन केला. ते इतके हसले की मागे मोटारीचा आवाज होता तोही ऐकू येईना. "भाऊ, ते तसंच आहे," म्हणाले. "तो मुद्दाम करतो."

रात्री घरी बसून वाचलं. माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा बँड, आणि त्यातला केव्हिन शील्ड्स नावाचा माणूस गिटारीचा दांडा, ज्याने तारा सैल-ताठ होतात, तो हातात धरूनच तारा छेडत राहतो. म्हणून सूर सतत घसरतो. हा अल्बम करायला दोन वर्षं लागली, डझनाहून जास्त स्टुडिओ बदलले. ढोलवाला आजारी होता, त्याला जमले तेवढे ठोके वाजवून घेतले आणि त्यांचे तुकडे मशीनवर जोडले. माझ्या निदानाचं कारणच ते. बहुतेक गाण्यांत ठोके यंत्राने लावलेले होते म्हणून हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पूर्ण ऐकला, काम बाजूला ठेवून. पहिल्यांदा डोकं दुखलं. गाणारी बाई तर शेजारच्या खोलीत उशीत तोंड खुपसून गाते. दुसऱ्यांदा ऐकताना मी दोष शोधणं थांबवलं होतं, आणि मग ते उन्हात डांबरी रस्त्यावर दिसणाऱ्या पाण्यासारखं वाटायला लागलं. भुसावळ रस्त्याला दुपारी दिसतं ना, तसं. आवडला असं म्हणणार नाही. पण तिसऱ्यांदा लावला.

मग मला आठवलं की आधीच्या चार कॅसेटी मी करून ठेवल्यात. त्यात पोर्टिसहेड ह्या बँडचा 'डमी' होता, १९९४ चा. त्यावर जुन्या रेकॉर्डची कडकड, खरखर होती आणि मी ती सॉफ्टवेअरने काढून टाकली होती. अगदी मन लावून, हेडफोन घालून, एकेक कडकड वेचून. नंतर वाचलं, की ह्या लोकांनी स्वतः वाजवून ध्वनिमुद्रण केलं, त्याच्या रेकॉर्डी काढल्या आणि त्या जुन्या वाटाव्यात म्हणून जमिनीवर टाकून त्यांच्यावरून चालले. आम्ही जन्मभर खरखर काढायची आणि ह्यांनी पायाने तुडवून ती आणायची! राग आला. मग ती कॅसेट परत लावली आणि काही न काढता उतरवून घेतली.

स्कॉटलंडच्या दोघा भावांच्या, म्हणजे बोर्ड्स ऑफ कॅनडाच्या १९९८ च्या अल्बमवर तर सिंथेसायझरही रडत होता. ह्या वेळी मी बेल्टला हात लावला नाही. पोराला म्हटलं, ठोके ऐक आधी.

खोक्यातली शेवटची होती द पोस्टल सर्व्हिसची 'गिव्ह अप', २००३. पोरालाही हीच आवडली, मोबाईलवर मागून घेतली. मशीनचे ठोके, साधी चाल, गाणारा स्पष्ट. आमच्याकडच्या अहिराणी गाण्यांचे ट्रॅक करणाऱ्याला एका दिवसात कळेल असं. हा अल्बम दोघांनी पोस्टाने केला. एक लॉस एंजेलिसला मशीनवर संगीत करून पाठवायचा, दुसरा सिएटलला त्यावर गाऊन परत पाठवायचा. नावावरून अमेरिकेच्या टपाल खात्याने आधी नोटीस दिली आणि मग समेट करून हाच अल्बम आपल्या वेबसाइटवर विकला. कार्डाच्या आतल्या बाजूला रूममेटने मराठीत एवढंच लिहिलं होतं, "हाही पोस्टानेच." त्यानंतरची कॅसेट खोक्यात नव्हती. पाटलांना विचारलं नाही.

ते पेनड्राइव्ह न्यायला आले तेव्हा पैशांबरोबर दोन फण्या केळी ठेवून गेले. 'डमी' दोन्ही प्रकारे भरून दिलाय असं मी सांगितलं. "साफ केलेला पुसून टाका," म्हणाले, एवढंच.

इथे हे संपायला हरकत नव्हती. पण चार वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका कुटुंबाने त्यांच्या आजीच्या ओव्यांची कॅसेट आणली होती. घरीच, आजी दळत असताना भरलेली. जात्याची घरघर इतकी होती की शब्द कळत नव्हते. मी खालचा सगळा आवाज कापला, बांगड्यांची किणकिणही बरीचशी काढली, आणि आजीचा आवाज एकटा बाहेर काढून दिला. मोठ्या अभिमानाने. मूळ जशीच्या तशी उतरवून ठेवावी असं डोक्यातही आलं नाही. ते लोक रडले होते ऐकून. कित्येकांना मी ती ऐकवली, बघा, ह्याला काम म्हणतात.

परवा त्यांचा नंबर शोधून फोन केला. ती मूळ कॅसेट आहे का, परत एकदा उतरवून देतो, पैसे नकोत, म्हटलं. सून बोलली.

"ती तर दिवाळीच्या साफसफाईत गेली, काका. तुम्हीच म्हटलं होतं ना, आता हिची गरज नाही म्हणून."

मी गप्प.

"पण पेनड्राइव्हमध्ये आहेत ना आजी? छान स्वच्छ?"

"हो," म्हटलं, "स्वच्छ आहेत."