आमची वाटचाल: प्लाझ्मा, एलईडी आणि फोंड्यातली आमची पडद्याची खोली

फोंड्याच्या वरच्या बाजारात १९९६ साली मी दुरुस्तीचे टेबल मांडले. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि गिऱ्हाइकांचे बंद पडलेले पिक्चर ट्यूबचे टीव्ही संच, एवढ्यावर सुरुवात केली. विक्री मागाहून आली. दुरुस्तीला घरी गेलो की लोक हमखास विचारायचे, "बाबा, नवा घ्यायचा तर कुठला घेऊ?" मी सांगायचो आणि ते मडगावला जाऊन घेऊन यायचे. सहा-सात वर्षे हे पाहिल्यावर बायको म्हणाली, "सल्ला तुमचा, तर मालही तुमचाच असू दे." बाजूचा गाळा रिकामा झाला तो आम्ही घेतला. आजही हिशेब तीच पाहते.

सपाट टीव्ही आले तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. ट्यूबच्या टीव्हीत फारशी निवड नव्हती, एकवीस इंची की एकोणतीस, एवढेच. आता लोक विचारू लागले, प्लाझ्मा की एलसीडी? आणि २००९-१० पासून, प्लाझ्मा की एलईडी?

एलईडी टीव्ही ही वेगळी जात नव्हे, तो एलसीडीच. त्याचे पॅनल स्वतः उजेड देत नाही, मागे दिवे लागतात. पूर्वी तिथे बारीक ट्यूबलाइटी असत, त्यांच्या जागी एलईडी आले आणि डब्यावरचे नाव बदलले. प्लाझ्माचे काम निराळे. दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे, त्यांत निऑन आणि झेनॉन वायू. वीज खेळली की वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्याच्या आतल्या फॉस्फरच्या, म्हणजे उजळणाऱ्या लेपावर पडतात आणि तो कप्पा स्वतः उजळतो. काळे दाखवायचे असेल तर तो जवळजवळ विझतो. मागे दिवाच नाही, त्यामुळे उजेड झिरपण्याचा प्रश्न नाही.

हे तोंडाने सांगून कोणाला पटत नसे. दुकानात ट्यूबलाइटच्या लखलखाटात एलईडी झगझगीत दिसायचा आणि प्लाझ्मा मलूल. म्हणून मागच्या गोदामाचा अर्धा भाग मोकळा केला, जाड निळा पडदा शिवून घेतला आणि दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले. केबल एकच, स्प्लिटरने दोघांना दिलेली. पुढे चार खुर्च्या. रात्रीचा प्रसंग लागला की मी काही बोलत नसे. एलईडीच्या कोपऱ्यांत कडेच्या दिव्यांचे पांढुरके डाग दिसायचे, आणि काळा रंग ढगाळ रात्रीच्या आकाशासारखा करडा. प्लाझ्मावर मात्र चित्र कुठे संपते आणि चौकट कुठे सुरू होते ते कळत नसे. मग मी गिऱ्हाइकाला अगदी कडेच्या खुर्चीवर बसवायचो. तिथून बऱ्याच एलईडींचे रंग उडालेले दिसत, प्लाझ्माचे तसेच राहत. आमच्याकडे चवथीला घरात वीस-पंचवीस माणसे असतात आणि टीव्हीसमोर बसायला मिळते दोघा-तिघांनाच. बाकीचे दाराशी, जिन्यावर. त्यांचा विचार करायचा की नाही?

फुटबॉलचे तर विचारूच नका. २०१० चा विश्वचषक ऐन पावसाळ्यात आला आणि गोव्यात अर्धी दुकाने मॅचच्या वेळा पाहून बंद होत होती. लांब किक मारली की त्या वेळच्या स्वस्त एलसीडीवर चेंडूला शेपूट फुटायचे. प्लाझ्मावर चेंडू गोल राहायचा. त्या दोन महिन्यांत आम्ही जितके प्लाझ्मा विकले तितके नंतर कधीच विकले नाहीत.

पण घर पाहिल्याशिवाय विकायचे नाही, हे मी त्याच सुमारास शिकलो, आणि ते शिकणे महागात पडले. कवळ्याचे एक निवृत्त मास्तर आमच्या पडद्यामागे बसून खूश झाले आणि बेचाळीस इंची प्लाझ्मा घेऊन गेले. ते सकाळपासून रात्रीपर्यंत एकच मराठी बातम्यांची वाहिनी लावून ठेवायचे. वर्ष-सव्वा वर्षाने त्यांचा फोन आला. जाऊन पाहतो तर टीव्हीवर नाटक चालू आहे आणि खाली बातम्यांच्या पट्टीची सावली, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, दोन्ही पडद्यात उमटून बसलेली. एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिले की तिथला फॉस्फर बाकीच्यांपेक्षा कमी-जास्त झिजतो, त्याचा हा परिणाम. कंपनीने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. मास्तर मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पण त्यांना विकताना तुम्ही दिवसभर काय पाहता हे मी विचारले नव्हते, ती चूक माझी. मी तो संच परत घेतला आणि एलईडी खरेदीच्या भावात दिला. तेव्हापासून पहिला प्रश्न तोच विचारतो.

दुसरा प्रश्न भिंतीचा. आमच्याकडची जुनी घरे चिऱ्याची, आणि कितीतरी घरांत चिरे मातीत बसवलेले. बेचाळीस इंची प्लाझ्मा पंचवीस किलोच्या आसपास भरायचा. साधा प्लग मारला तर चिऱ्याचा भुगा हातात येतो. आम्ही लांब अँकर वापरायचो, नाहीतर सरळ लाकडी टेबल करून घ्या म्हणायचो. तिसरा प्रश्न खिडकीचा. प्लाझ्माची पुढची काच आरशासारखी. समोर बाल्काव, म्हणजे उघडा ओटा, आणि दार दिवसभर सताड उघडे असेल तर दुपारी मालिकेऐवजी अंगणातली माडाची झाडेच दिसतात. अशा घरी मी स्वतः एलईडीच सुचवला, प्लाझ्मा पडून असतानासुद्धा.

विजेचाही हिशेब होता. तेवढ्याच आकाराचा प्लाझ्मा दोनशे वॉटच्या पुढे जायचा, एलईडी शंभरच्या आत राहायचा. रोज पाच तास धरले तर महिन्याला वीसेक युनिटांचा फरक. बिलात तो फार नव्हे. पण पावसात वीज गेली आणि इन्व्हर्टरवर टीव्ही चालवायचा असेल तर तो चांगलाच जाणवतो.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. उसगाव, डिचोली, सांखळीकडचे ट्रकवाले आमचे चांगले गिऱ्हाईक. ते वर्षभर दुकानात फिरकले नाहीत, आणि काहींचे हप्ते आम्ही थांबवून ठेवले. पुढच्या वर्षी २६ ऑगस्टपासून परदेशाहून सामानात आणलेल्या सपाट टीव्हीवरची करसवलत गेली, तेव्हा आखातातून सुटीवर येणारे पुन्हा इथल्या दुकानांत येऊ लागले. त्या चवथीला थोडा श्वास घेता आला.

आणि मग प्लाझ्माच संपला. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीही बाहेर पडले. चित्र वाईट होते म्हणून नव्हे. फोर-के, म्हणजे फार बारीक ठिपक्यांचे पॅनल त्यात परवडणारे करणे अवघड होते, आणि एलईडीच्या किमती दर वर्षी उतरत होत्या. त्या वेळी एका घाऊक व्यापाऱ्याने उरलेले प्लाझ्मा पडेल भावात देऊ केले. नफा घसघशीत होता. आम्ही दोघांनी रात्रभर विचार केला आणि नाही म्हटले. पाच वर्षांनी बोर्ड गेला तर ते लोक माझ्याच दारात येणार, आणि माझ्याकडे देण्यासारखे काही नसणार.

आता दुरुस्तीचा धंदा एलईडीवरच चालतो. फोन येतो, "चित्र ना, आवाज येता." मी सांगतो, खोलीत अंधार करा, टॉर्च तिरकी धरून पडदा जवळून पाहा. आत फिकट हलते चित्र दिसले तर पॅनल शाबूत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्या आहेत. पट्टीवरचे दिवे माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की बहुधा सगळी माळ विझते. पट्ट्या बदलल्या की टीव्ही पुन्हा चालू. ब्राइटनेस कायम शंभरवर ठेवू नका, सत्तरवर आणा, हे मी प्रत्येकाला जाताना सांगतो.

ओएलईडी घ्यायला येणारेही आता असतात. त्यातही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळे तसेच खोल, आणि स्थिर चित्र उमटण्याची धास्तीही तीच. मुलगा आता दुकान पाहतो. दिवसभर काय पाहता, हे तोही आधी विचारतो.

सावईवेऱ्याला आमच्या घरी २०१० चा प्लाझ्मा अजून चालू आहे. माळ्यावर तसेच दोन मेलेले संच झाकून ठेवले आहेत, एकाचा वाय-सस बोर्ड, म्हणजे प्लाझ्माचे पॅनल चालवणारा बोर्ड, गेल्या वर्षी कामी आला. दुसऱ्याचा अजून तपासलेला नाही.