फूटपट्टीवर रत्नागिरी

पूर्वी मालवाहू जहाजांवर सेकंड मेट, म्हणजे नौकानयन बघणारा अधिकारी होतो, आता कोकणातल्या खलाशांना नौकानयन शिकवतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात देवगडहून ट्रॉलर घेऊन प्रात्यक्षिकाला गेलो. दीपगृह दिसेनासं झाल्यावर जीपीएस आणि पाण्याची खोली दाखवणाऱ्या फिशफाइंडरवर गोणपाट टाकलं. अभ्यासक्रमात आकाशाला एकच तास आहे. तो आखणाऱ्यांनी रात्रीचा समुद्र पाहिला असेल असं वाटत नाही.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच आपला अक्षांश. ती उंची मोजायला क्षितिज दिसावं लागतं, त्यामुळे हे काम संधिप्रकाशातल्या थोड्या मिनिटांचं. जरा उशीर झाला की तारा ठळक, पण क्षितिजाची रेघ गायब. एका तरुण खलाशाने फूटपट्टीला बांधलेली दोरी दातांत धरली. पट्टी डोळ्यापासून 57 सेंटीमीटरवर ताणली की एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक अंश. मोठ्या कोनाला ती किंचित जास्त दाखवते, तेही त्याने वजा केलं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ सागरी मैल, त्यामुळे मिलिमीटर चुकला की सहा मैल गेले, आणि बोट डोलतेच आहे. शेवटी आकडा निघाला सतरा अंश.

"सर, आपण रत्नागिरीसमोर!"

तांडेल, म्हणजे ट्रॉलरचे प्रमुख, हसले. त्यांनी दोरीला बांधलेलं शिसं तळापर्यंत सोडून पाणी मापलं होतं, बावीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट). शिशाच्या बुडाला लावलेल्या ग्रीसला चिकटलेला तळाचा चिखल चोळत म्हणाले, "रत्नागिरी खंयची? हो चिखल देवगडचोच."

पोराचं माप चोख होतं. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नसतो, सुमारे 37 कला (साठ कलांचा एक अंश) बाजूला राहून फिरतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सांजेला तो ध्रुवाच्या थेट वर असतो. तेवढं वजा केलं की उरतात 16 अंश 23 कला, म्हणजे देवगडच. देवगड आणि रत्नागिरीच्या अक्षांशांत फरकही तेवढाच!

"आणि मे महिन्यात?" पोराने लगेच विचारलं. असा प्रश्न मला जहाजावरच्या कॅडेटने कधी विचारला नाही. तेव्हा सांजेला सप्तर्षी वर चढलेले असतात, ध्रुवतारा ध्रुवाच्या किंचित खाली. वजा करायचं नाही, थोडं मिळवायचं.

चिखलावरून गाव ओळखता येतं हे मला पटलेलं नाही. तांडेलांनी वेळ आणि वेगाचा हिशेब मनात ठेवला असणार. पण तारा फक्त उत्तर-दक्षिण सांगतो. किनारा किती लांब, हे त्याला विचारायचं तर अचूक घड्याळ आणि गणित हवं. इथे पश्चिमेला पाणी खोल होत जातं, ते काम वावच करतात.

पोराला पूर्ण गुण दिले. शिशासाठी गुणपत्रिकेत रकानाच नाही, आणि तो मागायचा तर कुठल्या विषयाखाली, हे अजून ठरत नाही.