घरी बांधलेल्या विमानाचा पत्रा : क्रोमेटविना गंजरोधन आणि रंगाची पूर्वतयारी

अ‍ॅल्युमिनियमला गंज लागत नाही, हा समज विमानाच्या पत्र्याच्या बाबतीत खरा नाही. माझ्या दोन आसनी विमानाचा बहुतेक पत्रा २०२४-टी३ या मिश्रधातूचा आहे. त्यात बळकटीसाठी चार टक्क्यांच्या आसपास तांबे असते, आणि ओलावा मिळाला की त्या तांब्यामुळेच शेजारचे अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवलेला असतो. अशा पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात. मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर हा थर एका बाजूला जेमतेम २५ मायक्रॉनचा भरतो. कापलेल्या कडेला आणि रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या) भोकात तो नसतोच, आणि दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या सांध्यात शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. विमान बांधून झाल्यावर या जागा पुन्हा हाती लागत नाहीत, त्यामुळे जे करायचे ते रिव्हेट मारण्यापूर्वीच करावे लागते.

या कामासाठी विमान उद्योगाने अनेक दशके क्रोमेट, म्हणजे क्रोमियमची संयुगे, वापरले, आणि ते उगीच नव्हे. क्रोमेटयुक्त प्रायमरवर ओरखडा पडला तर त्यातले क्रोमेट ओलाव्यात थोडे विरघळून उघड्या धातूपर्यंत पोहोचते आणि तिथला गंज रोखते. पण हे क्रोमियम षट्संयुजी असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. आमचे घर नागपुरातल्या महाल भागातले, कार्यशाळा मागच्या पडवीत, आणि अंगणातली विहीर अजून वापरात आहे. फवारणीचे कण श्वासात जाण्याचा धोका मुखवट्याने कमी करता आला असता; पण धुण्याचे पाणी जमिनीत मुरले तर विरघळलेले क्रोमेट भूजलात उतरते आणि तिथून ते परत काढणे आपल्या हातात राहत नाही. हा विचार मनात येताच मी क्रोमेटचा पर्याय सोडून दिला.

त्याच्या जागी मी दोन घटकांचा, पाण्यावर आधारित इपॉक्सी प्रायमर निवडला. या प्रायमरजवळ क्रोमेटसारखी ओरखडा सावरण्याची ताकद नसते. तो पत्र्याला घट्ट धरून ओलावा बाहेर ठेवतो, एवढेच त्याचे बळ, आणि ते पूर्णपणे पत्र्याच्या तयारीवर अवलंबून असते. त्यामुळे माझा बहुतेक वेळ रंगवण्यात नव्हे, तर साफ करण्यात गेला.

आखणीसाठी शिसपेन्सिल वापरली नाही, कारण ग्राफाइटची रेघ ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला गंज लावते. मार्कर पेन पुरतो. प्रत्येक कडेची आणि भोकाची बर (कापल्यावर उरलेली खरबरीत धार) काढून कड किंचित गोल केली, कारण धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथे थर पातळ राहतो. मग सौम्य साबणाने तेल काढले, आणि त्यानंतरच मरून स्कॉचब्राइटने हलक्या हाताने घासले. हा क्रम उलटा केला तर तेल ओरखड्यांत चोळले जाते. अल्क्लॅडवर जोर लावायचा नाही. चकाकी जाऊन एकसारखा मंदपणा आला की थांबायचे. तारेचा ब्रश आणि लोखंडी काथ्या मी कार्यशाळेत ठेवलेच नाहीत, कारण त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे तिथूनच गंज सुरू होतो.

यानंतर पाण्याची परीक्षा. पत्रा उभा धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडायचे. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ, आणि कुठे फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेलकटपणा आहे. मोटारी रंगवणारे एक अनुभवी मिस्त्री मदतीला येत. मला पूर्ण ओला दिसणारा सुकाणूचा पत्रा त्यांनी उजेडात तिरपा धरला आणि रिव्हेटच्या रांगेजवळ बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, इथं पाणी फाटून राहिलं. इथं रंग नाही धरणार." तिथे बोटाच्या पेराएवढी जागा खरोखरच कोरडी पडली होती. ती पुन्हा धुतली. शेवटचे पाणी नेहमी डिस्टिल्ड वापरले, कारण नळाच्या पाण्यातले क्षार सुकल्यावर पत्र्यावरच राहतात.

त्यापुढे फॉस्फोरिक आम्लाचे सौम्य द्रावण लावून, ते सुकू न देता धुतले. ते पाणी टबात धरून खाण्याच्या सोड्याने उदासीन केले आणि पीएच कागदाने तपासले. ६०६१-टी६ या दुसऱ्या मिश्रधातूच्या, अल्क्लॅड थर नसलेल्या उघड्या पट्ट्यांवर त्रिसंयुजी क्रोमियमचा रूपांतरण थर (धातूच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया होऊन बनणारा पातळ थर) दिला. हे क्रोमियम षट्संयुजीच्या मानाने बरेच कमी घातक असते. जुन्या क्रोमेट प्रक्रियेत पत्र्यावर सोनेरी छटा उमटते. हा थर मात्र जवळजवळ रंगहीन असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी खात्री पटत नाही, वेळ आणि क्रम लिहूनच ठेवावा लागतो.

नागपूरच्या हवेने कामाचे वेळापत्रक ठरवले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना पाण्याचा प्रायमर गनमधून निघून पत्र्यावर पोहोचेपर्यंतच अर्धा सुकतो आणि भुकटीसारखा बसतो. अशा वेळी कूलर लावण्याचा मोह होतो, पण त्याचा दमटपणा आणि जड पाण्याचे तुषार ताज्या पत्र्यावर नकोत. पावसाळ्यात उलट, थरातले पाणी बाहेर पडायलाच तयार नसते. फेब्रुवारीतली दुपार सर्वांत चांगली. पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा (ज्याखाली हवेतला ओलावा पत्र्यावर दव होऊन बसतो) किमान तीन अंशांनी गरम झाला आहे, हे पाहूनच गन हाती घेत असे.

खऱ्या भागांआधी टाकाऊ तुकडे रंगवून त्यांवर ब्लेडने चौकटी पाडल्या, चिकटपट्टी दाबून ओढली, आणि काही तुकडे फुली मारून मिठाच्या पाण्यात ठेवले. मुद्दाम तेलकट ठेवलेल्या तुकड्यावर फुलीच्या कडेने रंग सुटला. नीट धुतलेल्यांवर तो चिकटून राहिला. प्रायमरविषयीची माझी शंका तिथे संपली.

कमी विषारी म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मात्र बजावून सांगावेसे वाटते. इपॉक्सीच्या हार्डनरने त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि मुखवटा सुटत नाही. बाहेरच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट दम्याला कारण ठरते, आणि त्याचा वास जाणवण्याआधीच हवेतले प्रमाण घातक झालेले असू शकते. म्हणून तो रंग घरी न लावता हिंगण्याकडच्या एका पेंट बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालूनच दिला. परत आणल्यावर एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) आणि सुकाणू पुन्हा तोलले, कारण रंगाचे वजन बिजागरीच्या मागे वाढले की हवेत फडफड सुरू होण्याचा धोका असतो. तोल आराखड्यातल्या मर्यादेत आल्यावरच ते विमानावर चढवले.