भारतीय पासपोर्ट दाखवून इंग्लंडातल्या गावाच्या आराखड्यावर मतदान

इंग्लंडात नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मराठी माणसाच्या नावाने एक दिवस मतदानाचं कार्ड येतं. निवडणूक कसलीच नसते. आत एकच प्रश्न: तुमच्या भागातल्या बांधकाम अर्जांवर निर्णय घेताना कौन्सिलने हा 'नेबरहुड प्लॅन', म्हणजे गावाने स्वतः केलेला जमीन-वापराचा आराखडा, वापरावा असं तुम्हाला वाटतं का? हो किंवा नाही. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मतदान, आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावात घरं कुठे उठणार आणि कुठलं कुरण मोकळं राहणार, यावरही आपलं मत मोजलं जातं, हे कळल्यावर माणूस जरा चपापतो. पुण्यात आपल्या बिल्डिंगसमोरच्या प्लॉटचं आरक्षण कधी उठलं ते आपल्याला पत्रे लागल्यावर समजतं.

ही सोय 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टने आली. पहिला आराखडा कम्ब्रियातल्या अपर ईडनचा, त्याचं सार्वमत मार्च 2013 मध्ये झालं. आता असे हजारावर आराखडे लागू आहेत. आराखडा करायचा अधिकार पॅरिश किंवा टाउन कौन्सिलला असतो. पॅरिश म्हणजे आपली ग्रामपंचायत म्हणा, फक्त हातात पैसा आणि अधिकार दोन्ही कमी. जिथे पॅरिश नाही, तिथे रहिवासी, तिथे काम करणारे आणि स्थानिक नगरसेवक यांतल्या किमान 21 जणांनी फोरम काढायचा. त्या फोरमची मान्यता पाच वर्षं टिकते.

मग क्षेत्राची हद्द ठरते आणि पुरावे गोळा करणं सुरू होतं. कामाचा खरा भार इथेच आहे. घरांची गरज किती, तीन खोल्यांची किती, एकट्या म्हाताऱ्यांसाठी किती, पूररेषा कुठे, जुन्या इमारती कुठल्या. या टप्प्यावर आराखडे फसतात त्याची कारणं ठरलेली आहेत. लोक उत्साहाने बसच्या वेळा, कुत्र्यांची घाण, रस्त्यावरचे खड्डे यांवर 'धोरणं' लिहितात. आराखडा फक्त जमिनीच्या वापरावर बोलू शकतो, त्यामुळे शेवटी आराखडा तपासणारा परीक्षक हे सगळं उचलून परिशिष्टात टाकतो. दुसरी चूक भाषेची. 'चांगल्या रचनेला प्रोत्साहन द्यावे' अशा वाक्यावर एकही अर्ज नाकारता येत नाही. तिसरी आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे गावाला हवं तेवढं मैदान 'लोकल ग्रीन स्पेस' म्हणून रंगवून टाकणं. ती जागा वस्तीजवळ हवी, लोकांना ती खास का वाटते ते दाखवता यायला हवं, आणि ती अवाढव्य नको. जमीनमालकाला आधी पत्र गेलेलं नसेल तर पुढे वकिलाचं पत्र येतं.

मसुदा तयार झाला की किमान सहा आठवडे तो लोकांपुढे ठेवायचा. फक्त रहिवाशांपुढे नव्हे, तिथे काम आणि धंदा करणाऱ्यांपुढेही. नंतर मसुदा जिल्हा कौन्सिलकडे जातो आणि ते पुन्हा सहा आठवडे प्रसिद्ध करतात. मग स्वतंत्र परीक्षक, बहुतेक वेळा कागदपत्रांवरूनच, आराखडा 'मूलभूत अटी' पाळतो का, म्हणजे राष्ट्रीय धोरणाशी आणि जिल्ह्याच्या आराखड्याशी जुळतो का वगैरे, ते तपासतो. शेवटी सार्वमत, निम्म्याहून अधिक मतं, आणि सहसा आठ आठवड्यांत आराखडा लागू. सगळं धरून दोन-तीन वर्षं जातात.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट. मसुद्यासोबत एक 'कन्सल्टेशन स्टेटमेंट' द्यावं लागतं. कायदा मागतो इतकंच: कोणाला विचारलं, कसं विचारलं, मुख्य मुद्दे कोणते निघाले आणि त्यांचं काय केलं. प्रत्यक्षात बहुतेक गावं एक भलामोठा तक्ता बनवतात. डावीकडे कोणी काय म्हटलं, मध्ये कौन्सिलचं उत्तर, उजवीकडे आराखड्यात बदल केला की नाही. कुणी लिहिलेलं असतं, 'धोरण क्रमांक 4 मधला नकाशा चुकीचा आहे, माझी बाग त्यात दाखवली आहे.' समोर उत्तर: 'मान्य. हद्द दुरुस्त केली.' कुणी लिहिलेलं असतं, 'एकही घर नको.' समोर उत्तर: 'अमान्य. जिल्ह्याच्या आराखड्याने दिलेल्या संख्येपेक्षा कमी घरं ठरवता येत नाहीत.' शंभर-दोनशे पानांचा हा तक्ता वेबसाइटवर पडून असतो, कोणीही उघडून बघावा. नाकारलेल्या सूचनेलाही कारण मिळतं. मला या देशातल्या ट्रेनपेक्षा, उद्यानांपेक्षा या कंटाळवाण्या तक्त्याचा जास्त हेवा वाटतो. मुंबईच्या 2015 च्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारोंनी हरकती आल्या, चुका इतक्या निघाल्या की मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून पुन्हा करायला लावला. लोक जिंकले, हे खरंच. पण तुमच्या हरकतीचं नेमकं काय झालं, हे किती जणांना कागदावर मिळालं?

अर्थात तुलना करताना आकारही बघावा. पॅरिशची वस्ती बऱ्याचदा दोन-तीन हजार. हिंजवडीच्या एका टाउनशिपमध्ये याहून जास्त माणसं लिफ्टची वाट बघत असतात. एवढ्या लोकांना घरोघर पत्रकं वाटणं काही पराक्रम नाही. शिवाय आपला विकास आराखडा, म्हणजे डीपी, शाळा, दवाखाने, रस्ते यांच्यासाठी जमीन आरक्षित करतो आणि ती ताब्यात घ्यायचा मार्गही कायद्यात आहे. इथला गावाचा आराखडा कुणाचीही जमीन घेऊ शकत नाही, अर्जांवर बोट ठेवायला आधार देतो, बस. आणि लोकसहभाग आपल्याला नवा नाही. गोव्यात 2007 मध्ये लोकांच्या रेट्याने प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला, पुढचा मसुदा गावागावांत सूचनांसाठी गेला.

शिवाय इथल्या सभांना येतं कोण? बहुतेक निवृत्त, स्वतःच्या घरात राहणारे, वेळ असलेले. भाडेकरू, दोन नोकऱ्या करणारे आणि आपल्यासारखे आलेले-गेलेले फारसे दिसत नाहीत. म्हणून काही आराखडे 'आमच्या गावाचं सौंदर्य' या नावाखाली नव्या घरांना दार बंद करायचा खटाटोप असतात. याला अपवादही आहेत. ऑक्सफर्डशरमधल्या थेम गावाने 775 घरं एकाच टोकाला न ढकलता गावाभोवतीच्या अनेक जागांत विभागली. कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्जने 2016 मध्ये वेगळाच डाव टाकला: नवं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच, सुट्टीच्या घरासाठी नाही. 80 टक्क्यांहून जास्त मतांनी ते पास झालं आणि कोर्टातही टिकलं. माझ्या मते त्यातली अडचण उघड आहे: नियम नव्या घरांना लागू, मग शहरी पैसा जुन्या घरांकडेच वळणार. कोकणात दुसरं घर घेऊन ठेवणाऱ्यांनी, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी, ते प्रकरण जरा लक्षात ठेवावं.

गावं एवढा खटाटोप करतात त्यामागे पैसाही आहे. जिथे जिल्हा कौन्सिल बांधकामावर सीआयएल नावाचं शुल्क लावतं, तिथे त्यातला 25 टक्के वाटा आराखडा असलेल्या पॅरिशला मिळतो. आराखडा नसेल तर 15 टक्के, तोही मर्यादा घालून. दुसरं आमिष संरक्षणाचं. जिल्ह्याकडे पुढच्या पाच वर्षांच्या घरांपुरती जमीन तयार नसेल तर बिल्डरचं पारडं जड होतं. अशा वेळी पाच वर्षांच्या आतला आराखडा गावाला वाचवू शकतो, पण त्यात घरांसाठी जागा दाखवलेल्या असल्या तरच. फक्त 'नको नको' लिहिलेल्या आराखड्याची गावं अपिलात हरतात. केंद्र सरकारचं साहाय्य मात्र 2025 पासून नव्यांसाठी बंद झालं, त्यामुळे सल्लागाराचं बिल आता गावालाच भरायचं आहे.

हे सगळं उचलून आपल्याकडे लावता येणार नाही, पण हरकत लिहायची पद्धत नक्की उचलता येईल. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या, म्हणजे एमआरटीपीच्या, कलम 26 खाली प्रारूप डीपी प्रसिद्ध झाला की महिना, फार तर दोन महिने मिळतात. 'आमच्यावर अन्याय झाला' असं लिहू नका, त्यावर कोणी काही करू शकत नाही. सर्व्हे नंबर किंवा शहरातला सिटी सर्व्हे (सीटीएस) नंबर, नकाशाच्या शीटचा नंबर, आरक्षणाचा क्रमांक लिहा. नकाशात काय दाखवलंय आणि जागेवर काय आहे ते दोन ओळींत. नेमका कोणता बदल हवा ते एका वाक्यात. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि फोटो जोडा, शिक्क्यासह पोच घ्या, सुनावणी हवी हे लेखी मागा. सुनावणी नियोजन समितीपुढे होते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार. समितीचा अहवाल माहिती अधिकारात मागून आपली हरकत त्यात शोधा. आणि डीपी मंजूर झाल्याची बातमी आली म्हणून फाइल बांधून ठेवू नका. सरकार मोठे बदल करतं तेव्हा ते 'ईपी' (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणून वेगळे काढून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध करतं. त्या यादीतच तुमच्या गल्लीतलं मैदान असू शकतं, आणि ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.