मोजपट्टीला न दिसलेले वजन

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझे छोटे गॅरेज आहे. बहुतेक कामे क्लच, ब्रेक आणि सर्व्हिसिंगची असतात. पण अधूनमधून एखादा हौशी गाडीमालक रोजच्या वापरातली गाडी ट्रॅकसाठी तयार करून मागतो. असाच एक तरुण त्याची फोक्सवॅगन पोलो घेऊन आला. उंची आणि कडकपणा बदलता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा संच, त्याने आधीच विकत घेतले होते आणि पुढच्या महिन्यात त्याला कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी चालवायची होती.

जोडणीत विशेष अडचण आली नाही. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, त्यामुळे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर बसतात. मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा, पिळला जाणारा ट्विस्ट बीम असल्याने स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. खालच्या आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मी गाडी जमिनीवर टेकवून, तिच्या वजनाखालीच कसले. चाके लोंबकळत असताना ते कसले, तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि थोड्याच दिवसांत फाटते. एवढी काळजी घेतली, म्हणून पुढच्या चुकीची रुखरुख अधिक वाटते.

खरा वेळ उंची जुळवण्यात गेला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मी चारही ठिकाणी मोजले. पुढचे डावे आणि मागचे उजवे अंतर थोडे जास्त भरले, म्हणून त्या दोन्ही कॉलर, म्हणजे स्प्रिंगला आधार देणाऱ्या आट्यांच्या कड्या, मी खाली घेतल्या आणि उरलेल्या दोन वर चढवल्या. गाडी मागेपुढे ढकलून पुन्हा मोजले, तरी फरक तेवढाच होता. पुन्हा अर्धा फेरा दिला, तरीही तेवढाच. कॉलर फिरत होत्या आणि मोजमाप मात्र जागचे हलत नव्हते. माझ्या मदतनिसाने तेव्हाच विचारले होते, "दादा, हे असं कसं?" नव्या स्प्रिंगा अजून बसायच्या असतील, असे उत्तर देऊन मी दोन-सव्वादोन मिलिमीटरचा फरक मान्य केला आणि गाडी दिली.

कोईमतूरहून परतल्यावर मालक सरळ गॅरेजमध्ये आला. डाव्या वळणात गाडीचे तोंड बाहेर जाते आणि स्टिअरिंग कितीही वळवले तरी ती आत येत नाही. उजव्या वळणात मात्र ऐटीत आत शिरते, पण मागची बाजू हलकी पडून सरकते, असे त्याने सांगितले. शॉकअपवरचे नॉब त्याने तिथे बरेच फिरवून पाहिले होते. त्यांचा उपयोग होणार नव्हता, कारण शॉकअप फक्त हालचालीचा वेग आवरतो. उभ्या गाडीच्या कोणत्या चाकावर किती भार पडेल, हे तो ठरवत नाही.

दोन वळणांत दोन स्वभाव म्हटल्यावर मला तिरक्या भाराची शंका आली, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन चाकांच्या एका जोडीवर, एका कर्णावर, जास्त वजन पडत असावे. चार चाकांखाली ठेवायचे वजनकाटे पुण्याहून भाड्याने आणले. टायरमधली हवा सारखी केली, वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंक (जोडदांड्या) सोडवल्या आणि चालकाच्या जागी तांदळाचे २५ किलोचे तीन कट्टे ठेवले, कारण मालकाचे वजन ७५ किलोच आहे. काट्यांवर चढवण्याआधी, इतक्या उशिरा का होईना, जमीन तपासायचे सुचले. शेजारच्या शेडचे प्लास्टर करणाऱ्या गवंडीमामांना बोलावले. त्यांनी पाणी भरलेली लेव्हलची नळी चारही जागी धरून पाहिली आणि हसून म्हणाले, "शेठ, ही जमीन पाणी काढायला केलीय, गाडी मोजायला नाही."

मोरीकडच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमकी डावे पुढचे चाक येते तिथे, जमीन बाकीच्या तिघांच्या पातळीपेक्षा ९ मिलिमीटर खाली होती. सगळ्या जमिनीला एकसारखा उतार असता तर फारसे बिघडले नसते. पण इथे एकच कोपरा दबलेला होता. गाडीचा सांगाडा ताठ असल्याने ते ९ मिलिमीटर चार अंतरांत वाटले जातात आणि कोणत्याही कॉलरने जात नाहीत. पूजेचा चौरंग डगमगतो तेव्हा त्याचा एक पाय आखूड असतो किंवा जमीन वाकडी असते. मी जमीन न पाहता पाय तासत बसलो होतो. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला उंची तशीच राहत होती, पण भार एका कर्णावरून दुसऱ्यावर सरकत होता.

कडप्प्याचे तुकडे आणि पत्र्याच्या पट्ट्या लावून चारही जागा एका पातळीत आणल्या, वर काटे ठेवले. पुढे डावीकडे ३३० आणि उजवीकडे ४०६ किलो, मागे डावीकडे २३२ आणि उजवीकडे २१४ किलो. एकूण ११८२ किलोंपैकी ६३८ किलो, म्हणजे ५४ टक्के, उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकावर. मडगार्डची अंतरे मात्र या सपाट जागेवर जवळजवळ सारखी होती, हे पाहून मला स्वतःचाच राग आला.

चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवी बाजू जड राहणारच. कॉलर फिरवून ना बाजूंचा भार बदलतो ना पुढचा-मागचा. बदलतो तो फक्त कर्णाचा. आमच्या किटच्या कॉलरला एका फेऱ्यात २ मिलिमीटर मिळतात. डावी पुढची आणि उजवी मागची दोन-दोन फेरे वर घेतली, उरलेल्या दोन तेवढ्याच खाली. गाडी ढकलून पुन्हा काट्यांवर आणल्यावर त्याच क्रमाने आकडे आले ३५२, ३८४, २१० आणि २३६. त्याच कर्णावर आता ५० टक्क्यांच्या किंचित वर. मग लिंकची लांबी अशी जुळवली की बोल्ट हाताने सरकन आत गेला, कारण ओढून बसवलेला बार पुन्हा तोच तिरका भार टाकतो. अलाइनमेंट सर्वांत शेवटी केले.

त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. चार चाकांच्या जागा तेलरंगाने आखून ठेवल्या आहेत आणि कडप्प्याचे तुकडे आता कोणी उचलत नाही. मालक दुसऱ्यांदा ट्रॅकवर जाऊन आला, तेव्हा त्याने फोन केला. "दादा, आता दोन्हीकडे सारखीच चालते," तो म्हणाला, "पण दोन्हीकडे तोंड जरा बाहेरच जातं." पुढून ओढणाऱ्या गाडीचा तो स्वभावच आहे. मागच्या टायरमधली हवा किती होती, एवढेच मी त्याला विचारले.