हेगेसोची चिमूट

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. आज पुन्हा हेगेसोच्या फोटोपाशीच थांबले.

अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीतली ही संगमरवरी शिळा, इ.स.पू. ४०० च्या आसपासची. वर एवढंच कोरलंय : हेगेसो, प्रोक्सेनोसची. ती खुर्चीत बसलीय, पाय छोट्या चौरंगावर. समोर दासी पेटी उघडून धरून उभी. पेटीतला दागिना उचलून हेगेसो तो न्याहाळतेय. पण दागिना कोरलेला नव्हता, नुसता रंगवलेला होता. रंग कधीच उडून गेला. उरलीय ती चिमूट, आणि तिच्यावर खिळलेली नजर.

कवटी नाही, आक्रोश नाही. एका बाईचा रोजचा एक क्षण घरच्यांनी दगडात धरून ठेवला. याहून मोठं शोकचिन्ह मला तरी ठाऊक नाही.

त्याच दफनभूमीत आम्फारेतेची शिळा सापडली. मांडीवर तान्हं नातवंड, हातात त्याच्यासाठी धरलेला पक्षी, आणि बाळाचा पुढे आलेला हात. खालच्या ओळी आजीच्याच तोंडच्या आहेत. माझ्या लेकीचं हे लाडकं लेकरू. दोघं जिवंत होतो, सूर्याचा उजेड बघत होतो, तेव्हा मी याला मांडीवर घ्यायची. आता हेही गेलं, मीही गेले, तरी मांडीवरच आहे. हे वाचलं की मला पुढचं काही वाचवत नाही.

काही शिळांवर दोघं हातात हात देऊन उभे असतात. कोण निघालंय आणि कोण मागे राहतंय, ते पुष्कळदा ओळखूच येत नाही. निरोप दोघांचाही असतो ना.

इ.स.पू. ३१७ च्या सुमारास अथेन्सचा तेव्हाचा शासक देमेत्रिओस याने थडग्यांवरच्या बडेजावाला बंदी घातली आणि या शिळा थांबल्या. त्यानंतर बुटके, साधे खांब. खर्चाला आळा घालणं समजू शकते, पण त्यात चेहरेही गेले, याचं वाईट वाटतं.

आई गेली तेव्हा आम्ही घाईघाईत ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. ताठ मान, समोर नजर. ती अशी कधी बसायचीच नाही. दुसरा एक फोटो आहे, खिडकीपाशी सुई ओवतानाचा. डोळे बारीक केलेले, चिमूट उजेडात धरलेली. दोरा फोटोत दिसत नाही.

तो आत्ता काढून टेबलावर ठेवलाय. उद्या फ्रेममधला बदलणार आहे.